गाडीचा मूळ रंग

बाबांना ती गाडी मिळाली, कारण तिचे सुटे भाग मिळायचे बंद झाले होते. गाडी जपानी. बाबांचे साहेब आखातात नोकरीला होते, परतताना त्यांनी ती जहाजातून आणवली. मी लहान होतो तेव्हापासून माझं कॉलेज संपेपर्यंत बाबांनी ती त्यांच्यासाठी रायपूरच्या रस्त्यांवर चालवली. पुढे साहेब कायमचे मुलीकडे निघाले. गाडी घ्यायला कोणी तयार होईना, बिघडली तर करायचं काय? तेव्हा ते बाबांना म्हणाले, तूच ठेव, तुझ्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही.

हे वाक्य बाबा आल्यागेल्याला सांगत. मला ते आवडत नसे. आयुष्यभर राबलेल्या माणसाला कोणाला नको असलेली गाडी द्यायची आणि वर एक कौतुकाचं वाक्य द्यायचं, असं मला वाटे. मी तोवर बी.ए. झालो होतो. आमच्या घरातला पहिला आणि बाबांच्या अख्ख्या भावकीतलाही पहिला. आज मी कॉलेजात इतिहास शिकवतो. हे मी जिथे तिथे सांगतो आणि सांगताना लाजत नाही.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत गाडी आली तेव्हा मलईच्या रंगाची होती. तिचे आरसे दारांना नव्हते, बॉनेटच्या पुढच्या दोन टोकांवर होते, झुरळाच्या मिशांसारखे. एका स्कूटरवाल्यानं लवकरच त्यातली डावी मिशी उडवली. बाबांनी मग दोन्ही काढून टाकले आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचे आरसे दारांना बसवले. रंग आईला पसंत नव्हता. "सरकारी दिसते," ती म्हणाली. "आपली आहे नं? मंग आपल्यासारखी दिसू द्या." म्हणून गाडी निळी झाली. आई पंडरीच्या कापडबाजारात गेली, लाल मखमल घेऊन आली आणि घरच्या मशीनवर तिनं सीटांची कव्हरं शिवली. खाली सोनेरी झालर. स्टेअरिंगला तिनं लोकरीचं पांघरूण विणलं.

"लग्नाची गाडी करून ठेवली तुनं," बाबा म्हणाले.

"मंग? माह्या लग्नात तं बैलगाडीच होती."

जपानहून काही येणार नव्हतं, त्यामुळे बाबांनी गाडी इथल्याच सामानावर जगवली. क्लच प्लेट एका जीपची, घासून बसवलेली. रेडिएटरचा पाइप ट्रॅक्टरचा. दारांच्या कडेचं रबर झिजलं तेव्हा त्यांनी सायकलची ट्यूब लांब कापून चिकटवली, आणि पावसाळाभर आत पाणी आलं नाही. रविवारी ते कार्बोरेटर उघडून परातीत मांडत आणि खराट्याच्या एका काडीनं त्याची भोकं साफ करत. परात आईची. ती ओरडायची, आणि पुढच्या रविवारी स्वतःच काढून द्यायची. त्या गाडीतून आम्ही राजिमच्या जत्रेला गेलो, बहिणीची पाठवणी त्या गाडीतून झाली, आणि आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही त्याच गाडीतून.

आई गेल्यावर बाबांनी गाडी चालवणं सोडलं. मी ताडपत्री टाकून ठेवली. दोनेक वर्षांत बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. चांगल्या दिवशी मी कॉलेजातून आलो की "आला का पोट्टा?" म्हणायचे. वाईट दिवशी मला ते त्यांचा वारलेला भाऊ समजत. पण एक प्रश्न चांगल्या-वाईट दोन्ही दिवशी असे.

"माही गाडी कुठं आहे?"

"ही काय बाबा, दारात."

ते ताडपत्री उचलून बघत. चाकं बसलेली, निळ्या रंगाला फोड आलेले, मखमलीत उंदरांनी केलेली घरं. "हे नाही रे," म्हणत. "माही चालते."

त्यावरून मी ठरवलं. डॉक्टर म्हणालेच होते की जुन्या वस्तू जवळ असल्या तर बरं पडतं. माझी आशा एवढीच होती की गाडी चालू झाली तर बाबा तिला ओळखतील, आणि तिला ओळखलं तर मलाही ओळखतील. चांगले दिवस आता फार थोडे राहिले होते.

करायची तर अस्सल करायची, हा माझा स्वभाव. वर्गात मी पोरांना सांगतो की आधी मूळ साधन बघा, मागून चढवलेलं बाजूला काढा. माझ्याजवळ मूळ साधन होतं. साहेबांच्या काळातला गाडीचा एक फोटो. बंगल्याचा पोर्च, मलई रंगाची गाडी, बॉनेटवर आरसे, मागच्या काचेला पडदे, सीटांच्या वरच्या अर्ध्या भागाला पांढरी लेस लावलेली कव्हरं. बाजूला खाकी कपड्यांत बाबा उभे, तरुण आणि ताठ. तो फोटो मी मोबाइलमध्ये घेतला आणि कामाला लागलो.

इंजिन बूढापाऱ्यातल्या एका मेकॅनिकनं उघडलं. कार्बोरेटरचे वायसर कोलकात्याच्या एका भंगारवाल्याकडून आले. बंपरला नवी चकाकी चढवली. बॉनेटवरचे आरसे तर मी चार शहरांत फोन करून मिळवले, आणि ते कुरिअरनं आले त्या दिवशी कॉलेजात पेढे वाटावेसे वाटले. जपानात जुन्या गाड्यांना लेसची कव्हरं कशी घालतात, चाकांवर पांढरी पट्टी किती रुंद असते, हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो. निळा रंग खरवडला. दाराच्या आतल्या कडेला मूळ मलईची एक पट्टी शाबूत सापडली. पेंटरला मी तिच्याशी रंग जुळवायला लावला आणि जुळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही.

"सर, दुल्हन को भी इतना नहीं सजाते," मेकॅनिक म्हणाला.

माझी बायको एवढी गोड बोलत नाही. "बाबांसाठी करून राहिले का स्वतःसाठी?"

"दोघांसाठी."

"आणि आईंच्या मखमलीचं काय करू?"

"उंदरांनी खाल्लेलं फेक, बाकीचं धुऊन पेटीत ठेव. ती मूळची नाही."

मखमल तिनं धुतली, फाटकी होती तिथं टाके घातले आणि पेटीत ठेवली.

गाडी तयार होऊन आली ती रविवारी सकाळी. गल्लीतले दोन-चार शेजारी बघायला जमले. मी बाहेर गल्लीत इंजिन चालू केलं, आणि बाबा आतून एकटेच चालत आले. कित्येक महिन्यांत ते कोणी हात धरल्याशिवाय उंबऱ्याबाहेर आले नव्हते. ते गाडीभोवती सावकाश फिरले. बॉनेटवरच्या आरशावर त्यांनी तोंडानं वाफ सोडली आणि सदऱ्याच्या टोकानं तो पुसला. टायरला पायानं ठोकून बघितलं. पाठ सरळ झाली होती. मला वाटलं, जमलं.

"ओळखली का, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. गळ्याचं बटण लावलं. मागचं डावं दार उघडलं, माझं डोकं लागू नये म्हणून छताच्या कडेवर तळहात धरला, आणि म्हणाले,

"चलिए, साब."

शेजारी हसले. "वा काकाजी! बेटे को साहब बना दिया!" मीही हसलो. बाबा हसले नाहीत. हात छताला धरून ते तसेच उभे होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबा घरात हिंदी चालू देत नसत. माझी मुलगी हिंदीत उत्तर द्यायची तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचे, शेवटी ती वैतागून "हो आबा" म्हणायची. हिंदी साहेबांशी, मराठी घरात. जन्मल्यापासून माझ्याशी ते हिंदीत एक वाक्य बोलले नव्हते.

"बाबा, मी आहे. तुमचा पोट्टा."

"जी साब."

मला वाटलं, त्यांनाच मान द्यावा, मालक म्हणून मागे बसवावं. मी त्यांना दंडाला धरून मागच्या सीटवर बसवलं. त्या पांढऱ्या लेसला पाठ टेकताच ते दचकून पुढे झाले. गुडघे जवळ घेऊन, सीटच्या अगदी कडेला बसले. "मेमसाब की जगह है, साब," म्हणाले. मी त्यांना उतरवलं. ते जाऊन स्टेअरिंगमागे बसले तेव्हा कुठे त्यांनी पाठ टेकली.

संध्याकाळी बायकोनं पेटी उघडली. लाल मखमल आम्ही दोघांनी त्या लेसवरून चढवली, लोकरीचं पांघरूण स्टेअरिंगला घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीपाशी आले आणि थबकले. मग त्यांनी एकेक कव्हर जपून काढलं, झालर आत घेऊन नीट घडी केली, आणि सगळी चळत दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"मेमसाब का सामान रह गया था, साब."

बायको घरात निघून गेली.

त्या मखमलीवर आई किती दिवस वाकून बसली होती, हे मला माहीत होतं. बाबांनाही होतं. पण ते जिथे जाऊन पोचले होते तिथे अजून आईनं ती विकत घेतलीच नव्हती. मी गाडी मूळ रंगात नेली होती. त्या रंगात ती आमची नव्हती.

निळा रंग पुन्हा मारून द्यायला पेंटर तयार आहे. मीच अडलो आहे. कारण बाबा आता सकाळी स्वतः दाढी करतात. न सांगता आंघोळ करतात, पोटभर जेवतात, फडकं घेऊन बंपर पुसतात. डॉक्टर म्हणतात, फरक आहे. फरक आहेच. एका ड्रायव्हरची तब्येत सुधारली आहे. तो माझ्याशी अदबीनं वागतो.

कॉलेजला जायच्या आधी मी थोडा वेळ मागच्या सीटवर बसतो. किल्ली माझ्या खिशात असते. बाबा पुढे बसून गिअर टाकतात, आरसा सारखा करतात, गल्लीतल्या गाईला हॉर्न देतात. गाडी जागची हलत नाही आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला स्वतःची चीड आली. ज्या सीटवर बसणाऱ्यांचा मी पोरपणापासून राग केला तीच ही सीट. पण मी बसलो नाही की बाबा दार उघडून उन्हात उभे राहतात, आणि कितीही विनवलं तरी आत येत नाहीत.

अशाच एका सकाळी ते आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "साब, एक बात थी."

"बोलो."

"कल की छुट्टी मिल जाती तो... लडके का पर्चा है. सेंटर दूर पडा है. धूप में साइकिल से जाएगा."

तो पेपर माझा. बी.ए.चं शेवटचं वर्ष, सेंटर पार गावाबाहेर, उन्हाळा. मी सायकलनं गेलो होतो. बाबा साहेबांच्या घरच्यांना लग्नाला जबलपूरला घेऊन गेले होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, पेपर कसा गेला, आणि मी म्हणालो, बरा. बस एवढंच. माझी परीक्षा त्यांच्या ध्यानातही नसेल असं मी तेव्हा धरून चाललो, आणि नंतर तर तो विषयच राहिला नाही. पास झालो होतो ना. त्यांनी सुट्टी मागितली होती हे ते कधी बोलले नाहीत. आईलाही बहुतेक सांगितलं नसावं.

साहेबांनी तेव्हा काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. पण आता साहेब मी होतो.

"ले लो छुट्टी," मी म्हणालो. "गाडी भी ले जाओ. लडके को गाडी से छोडके आओ."

बाबांचे खांदे किंचित हलले. साहेबानं गंमत केली की ड्रायव्हर हसतात तसं ते हसले, आवाज न करता.

"आप भी, साब."

"मजाक नहीं कर रहा. जाओ. उसको अच्छा लगेगा."

"जी साब," ते म्हणाले. आणि जरा थांबून, कपड्यानं काचेवरची धूळ पुसत, "जबलपूर कितने बजे निकलना है?"

ते आता दर एक-दोन दिवसांनी सुट्टी मागतात. तेच शब्द, तसेच चाचरत. मी दर वेळी देतो. मोठ्यानं देतो, हळू देतो, एकदा पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दिली, एकदा मराठीत दिली. ते सगळं ऐकून घेतात, "जी साब" म्हणतात आणि जबलपूरला किती वाजता निघायचं ते विचारतात.

मग मी वेळ सांगतो.