सीनेकाठचा माड

मी सोलापुरात टिकलो तो आमच्या कारखान्यातल्या डिझाइन मास्तरांमुळे. एवढं आधी सांगतो, मग बाकीचं.

काहीही काढायचं म्हटलं की मास्तर खिशातून काडेपेटीचं रिकामं टरफल काढत, एक डोळा मिटत आणि त्यातून बघत. झाड, बैल, समोरचा माणूस, काहीही. एकदा मालक रागावून बोलत होते, तर त्यांच्याकडेही तसंच बघत राहिले. माझी पेन्सिल धावू लागली की म्हणत, "आधी बघ की. हात कुटं पळून चाललाय?"

घरात ते तेलुगू बोलत. मला तम्मी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. मी मालवणाकडचा. सातवीत शाळा सुटली. चित्रं बरी काढायचो, म्हणून कुणाच्या तरी ओळखीवर या चादरीच्या कारखान्यात चिकटलो. मालकांनी सांगून ठेवलं होतं, "नदीच्या देखाव्याची चादर काढायचीय. दिवाळीपर्यंत तुझं डिझाइन पसंत पडलं तर राहा, नाहीतर गावाकडं जा." गावाकडे आई माझ्या भरवशावर बसलेली. मला जेवण जाईना.

काढलेली प्रत्येक नदी आमच्या खाडीसारखीच व्हायची. तुडुंब भरलेली, दोन्ही काठांना माड. मास्तरांनी टरफलातून बघितलं.

"झ्याक हाय. पण ही नदी कुठली रे तम्मी?"

मी कागद गुंडाळायला लागलो.

"उद्या रविवार हाय. सायकल काढ."

दसरा होऊन गेला होता. सीना नदीचं पाणी निवळून खाली गेलेलं, काठावर गवताचे पांढरे तुरे, पलीकडे काळ्या रानात ज्वारी वीतभर वर आलेली. बाभळीखाली बसलो खरा, पण एवढ्याशा पाण्याचं काय काढायचं ते कळेना. मास्तरांनी टरफल माझ्या डोळ्याला लावलं. त्या चौकोनात एक म्हैस, तिच्या पाठीवर बगळा आणि वळत गेलेली पाण्याची पट्टी.

"एवढीच काढ," ते म्हणाले. "बाकीची नदी हितंच राहू दे."

उन्हं कलेपर्यंत चित्र झालं. पण उजव्या कोपऱ्यात, माझ्याही नकळत, एक माड उभा राहिला होता. मी खोडरबर उचललं. मास्तरांनी हात धरला. "राहू दे की."

मग त्यांनीच शेजारी बसवून ते चित्र बारीक चौकोनांच्या ग्राफ-कागदावर उतरवायला शिकवलं. विणकामात गोल वळण नसतंच, पायऱ्यापायऱ्यांनी वळावं लागतं. तुम्ही चादर अंगावर घेता ना, एकदा जवळून बघा. पायऱ्या दिसतील.

मालकांनी कागद बघितला, मान डोलावली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मास्तर, सीनेला माड?"

माझा हात खोडरबराकडे गेला.

"पाव्हणा हाय, मालक," मास्तर म्हणाले. "लांबून आलाय. राहू द्या की."

मालक माझ्याकडे बघून हसले. चादर मागावर चढली. मीही राहिलो.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. गेल्या वर्षी ते मुलीकडे वारंगळला गेले. जाताना टरफल माझ्या टेबलावर ठेवून गेले.

एकदा त्यांना आमच्या खाडीवर नेणार आहे. त्यांना नीट दिसणार नाही, मी सांगत जाईन. तिथे बसून खाडी काढीन, भरलेली, दोन्ही काठांना माड. आणि उजव्या कोपऱ्यात सीनेची एक बाभूळ. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते मला ठाऊक आहे.