नानांच्या यादीत न खोडलेलं नाव

साक्रीच्या स्टँडवर पुण्याची गाडी सुटता सुटता नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून माझं मतदार कार्ड आत सरकवलं. "हाई जपीसन ठेव. तुन्हं नाव आठेच शे." जपून ठेव, नाव इथंच आहे म्हणे! मला हसू आलं. लेक चालली परगावी आणि ह्यांना काळजी कार्डाची!

आता हसू येत नाही. हिंजवडीच्या फ्लॅटवर आम्ही चौघी, सगळ्या खान्देशच्या, सगळ्यांची नावं गावाकडच्या यादीत. गेल्या लोकसभेला इथल्या मतदानाची सुट्टी आम्ही झोपून काढली. गावचं मतदान नंतर होतं. तेव्हा टीम लीडकडे रजा मागायचं धाडस झालं नाही. खरं सांगते, मागावीशीही वाटली नाही. नानांचा फोन आला तेव्हा ठोकून दिलं, "इथंच केलं मी मतदान."

केवढा मूर्खपणा! नाना दर निवडणुकीला गावच्या शाळेत पोलिंग एजंट म्हणून बसतात. समोर यादी, हातात लाल पेन्सिल. माणूस मत देऊन गेला की त्याच्या नावावर रेघ. दिवाळीला माळा आवरताना ती यादी माझ्या हाती लागली. नानांच्या नावावर रेघ, मायच्या नावावर रेघ, माझं नाव तसंच. नाव गावात असताना पुण्यात मत कुठून देणार, हे त्यांना त्याच दिवशी कळलं असणार. एका शब्दानं बोलले नाहीत.

सध्या गावात सरकारी माणसं घरोघर जाऊन मतदार यादी तपासताहेत. "मुलगी इथंच राहते का?" असं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "हा, आठेच ऱ्हास." कधी खोटं न बोलणारा माणूस! हे मला मायनं सांगितलं. उद्या कुणी तक्रार केली तर? तिथलं नाव गेलं आणि इथं लागलंच नाही, तर मी कुठलीच नाही.

शेवटी मीच फोन केला. "नाना, नाव पुण्याला लावून घेते."

 नाना हळूच म्हणाले, "तठे तरी जाशी ना?"

तिथं तरी मत द्यायला जाईन, असं मी कबूल केलं. फॉर्म मोबाइलवर भरून तयार आहे, बोट मात्र पुढे सरकत नाही. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमचंही असंच होतं का? इथं मी मत द्यायला नाही गेले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. तिकडे मात्र एक म्हातारा मतदान संपेपर्यंत माझ्या नावाशी पेन्सिल धरून बसला होता. घर म्हणतात ते हेच असावं, आणि ते मी आता स्वतःच्या हातानं खोडणार आहे.