ड्वेन कोपेकीच्या चौतीस चुका

ड्वेन कोपेकीचा घात मी केला. कोच हार्लननं नाही, क्लबच्या कमिटीनं नाही, मी. गावात हे कुणाला पटणार नाही, कारण मी पडलो गणिताचा मास्तर, आणि मास्तरांची वही खोटं बोलत नाही म्हणे!

ड्वेन आमच्या बेसबॉल क्लबचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची, आणि सगळ्यात जास्त चेंडू तिकडेच येतात. बुटका, फेंगड्या पायांचा, तोंडाची टकळी अखंड चालू. "मार की इकडे, घाबरतोस काय लेका?" असं समोरच्याला डिवचायचा. चेंडू कितीही लांबून जावो, गडी झेप घेणारच. उठायचा तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत आयोवाची काळी माती. त्याची आई म्हणायची, "याचे कपडे धुण्यापेक्षा याचं बाळंतपण सोपं होतं!"

अठ्ठावन्न सालच्या मोसमात स्कोअरची वही माझ्याकडे होती. नियमाचं पुस्तक काही म्हणो, आमच्याकडची रीत साधी. चेंडूला हात लागला आणि तो सुटला, तर खेळाडूच्या नावावर एक चूक. हातच लागला नाही, तर फटका चांगला होता, कुणाचा दोष नाही.

मोसम संपला तेव्हा आम्ही खालून दुसरे. हार्लन माझ्याकडे आला, खुर्चीत आदळला.

"मास्तर, नाव सांगा. कुणी बुडवलं आपल्याला?"

मी वही उघडली. "कोपेकी. चौतीस चुका. अख्ख्या लीगमध्ये एवढ्या कुणाच्या नाहीत."

"चौतीस! हाताला तेल चोपडून उतरतो की काय हा?"

मी हसलो. हो, हसलो!

त्याच रविवारी, चर्चमधून आल्यावर, टपालानं आलेला लीगचा पूर्ण तक्ता घेऊन बसलो. चुका पाठ होत्या, म्हणून सहज मोजलं की कुठल्या शॉर्टस्टॉपनं किती चेंडू अडवून गडी बाद केले. ड्वेननं चारशे बारा. बाकीच्यांत तीनशेच्या वर एकही नाही. मी पुन्हा मोजलं. बाकीचे नुसते उभे राहून शेजारून जाणारा चेंडू बघत होते, म्हणून त्यांच्या नावापुढे काही लागत नव्हतं. ड्वेन धावत होता, पोचत होता, म्हणून त्याच्या हातून सुटत होता. वीस-बावीस चुका जास्त, आणि बाद केलेले गडी शंभराहून जास्त! आम्ही तळाला गेलो नाही ते याच्यामुळे. चालणाऱ्यालाच ठेच लागते, आणि मी शहाणा नुसत्या ठेचा मोजत बसलो होतो.

बायकोला, इर्माला सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"अहो, मग बसलात काय? मंगळवारी कमिटी त्याला काढणार ना? जा हार्लनकडे."

"जातो गं."

नाही गेलो. वीस वर्षं न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत 'मास्तर म्हणाले म्हणजे झालं' ऐकत आलो होतो. 'मास्तर चुकले' हे ऐकायची छाती झाली नाही. एवढंच कारण, दुसरं काही नाही. मंगळवारी ड्वेनला काढलं. तो धान्याच्या कोठारावर कामाला लागला, आणि मी चर्चमध्ये त्याच्यापासून लांबचं बाक धरलं. पुढच्या मोसमात नव्या शॉर्टस्टॉपच्या फक्त नऊ चुका, आणि आमचा क्लब तळाला. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

अकरा वर्षांनी इर्मा गेली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "ते कोपेकीचं तेवढं राहिलंच हो तुमचं." मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी त्याचं दार वाजवलं.

केवढा आनंद झाला त्याला! कॉफी ओतली, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, पुढे केले.

"मास्तर, तुमचा मला कधी राग आला नाही बरं का. हार्लन शिव्या घालायचा, लोक ओरडायचे, ते मी मनावर घेतलं नाही. पण तुमची वही म्हणाली, तेव्हा मानलं. त्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या मोठ्या क्लबचं पत्र आलं होतं, या म्हणून. मीच नाही कळवलं. म्हटलं, मास्तरांनी मोजलंय, उगाच कशाला हसं करून घ्यायचं?"

हातातला तुकडा मी ताटलीत ठेवला. पत्राचं मला ठाऊक नव्हतं. "ड्वेन, माझी वही चुकली होती," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. चारशे बारा सांगितलं. बाकीच्यांचे आकडे सांगितले.

ड्वेननं कॉफीचा कप बाजूला सारला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"कमिटीच्या दोन दिवस आधी."

"म्हणजे पत्र आलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं. रोज कोठारावरून शाळेत जात होतात."

"हो."

त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती हात पुसत दारात आली.

"मास्तर, उठा," तो म्हणाला. "हिला सांगा. मी किती चेंडू अडवले ते सांगा."

मी उभं राहून सांगितलं.

"आता तुम्हाला कधी कळलं, तेही सांगा."

तेही सांगितलं.