दवाखान्यातली ‘पांढरी पावलं’

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर नंबरमावशीला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस घाबरतो तो दाराबाहेर. आत गेल्यावर तोंडात कापूस असतो, ओरडायची सोय नसते, शिवाय डॉक्टरीणबाईंचा हात हलका. खरी परीक्षा बाहेर. तिथे नऊ खुर्च्या, एक दुधी काचेचं दार आणि त्या दारापलीकडून येणारा यंत्राचा घर्रर्र आवाज. तो कानी पडला की झुपकेदार मिशीवाल्यांचीही बोबडी वळायची, मग पोराटोरांचं काय घेऊन बसलात!

नावं लिहून घ्यायची, नंबर पुकारायचे, अवजारं धुऊन वाफेच्या पेटीत लावायची आणि रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं, ही तिची कामं. पहिली तीन ती डोळे मिटून करी. चौथ्यापुढे मात्र तिने कधीच हात टेकले होते. तिचा आवाज असा खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही आता कितवा नंबर चाललाय ते कळायचं. त्या आवाजावरून पोरांनी तिचं नाव पाडलं, आणि पुढे मोठेही तिला नंबरमावशीच म्हणू लागले.

पोरांची भीती जावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी काय कमी केलं होतं? भिंतीवर खुदकन हसणारी दाढ रंगवून घेतली होती. टेबलावर उघडमीट होणारी प्लास्टिकची कवळी होती. कोपऱ्यातल्या फळीवर गोड गोड पुस्तकं होती, त्यांत ससा दात घासत होता आणि अस्वल गोड न खाण्याची शपथ घेत होतं. पोरं त्या पुस्तकांकडे ढुंकून बघत नसत. आणि ती कवळी पाहून तर दोघं जण थेट जिन्यापर्यंत पळाली होती.

मावशीची धाकटी बहीण टपाल छाननीच्या कचेरीत होती. ती सहाला सुटायची, त्यामुळे तिची अकरा वर्षांची मुलगी शाळेतून थेट मावशीच्या दवाखान्यात यायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. त्या वर्षी या भाचीला एका पुस्तकमालेचं वेड लागलं होतं. मालेचं नाव ‘पांढरी पावलं’. काळंकुळकुळीत मुखपृष्ठ, त्यावर ओल्या चुन्यात उमटावीत तशी अनवाणी पावलं, आणि एक-दोन नव्हे, तब्बल चोवीस भाग. तीन भावंडं. त्यांच्या वडिलांची सारखी बदली होते. दर भागात नवं गाव, नवं घर, आणि त्या घरातल्या फरशीवर सकाळी उमटलेली पावलं.

“त्या बापाला दुसरी नोकरी मिळत नाही का गं?” मावशीने एकदा विचारलं. “पोरांना बरोबर भुताच्याच घरात नेऊन ठेवतो मेला.”

“मावशी, बदलीच झाली नाही तर पुढचा भाग कसा येणार?” भाचीने मान वर न करता उत्तर दिलं. बिनतोड होतं.

एकदा भाची गडबडीत घरी गेली आणि पाचवा भाग खुर्चीवरच राहिला. ‘तलावातला तेरावा मुलगा’. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीत आठ वर्षांची एक मुलगी येऊन बसली. बसली म्हणजे, आईने पोतं आदळावं तशी तिला आदळली. या मुलीने डॉक्टरीणबाईंच्या बोटाला दोनदा कडकडून चावा घेतला होता. वहीत तिच्या नावापुढे मावशीने लाल शाईने फुली मारून ठेवली होती आणि आपसात दोघी तिला ‘चावरी’ म्हणत. आज ही कोणाचं बोट घेणार, म्हणून मावशीने पट्टीची गुंडाळी आधीच काढून ठेवली होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. रडणं नाही, किंचाळणं नाही. मावशीने वहीवरून डोकं काढून पाहिलं तर चावरी पुस्तकात नाक खुपसून बसलेली. तोंड उघडं, डोळे बशीएवढे.

“नंबर सात!” मावशीने पुकारलं.

“श्श! थांबा ना. दार उघडतंय.”

मावशीने दचकून दाराकडे पाहिलं. “कुठलं दार?”

“पुस्तकातलं!”

पान संपल्यावर ती आपली आपण उठली. वाचलेल्या जागी बोट घालून पुस्तक तसंच घेऊन आत गेली, खुर्चीत चढून बसली आणि म्हणाली, “लवकर करा हं, तो मुलगा अजून पाण्याखालीच आहे.” दाताचं काम दहा मिनिटांत उरकलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन आपली दहाही बोटं मावशीपुढे धरली. सगळी शाबूत.

मग त्यांची नजर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेली आणि कपाळाला आठी पडली.

“मावशी, हे काय? पोरं आधीच भ्यालेली, त्यात भुतं? आगीतून फुफाट्यात ढकलताय त्यांना! उद्यापासून हे इथे दिसता कामा नये.”

मावशीने पुस्तक खणात टाकलं. पुढच्या आठवड्यात तीन मुलांनी दवाखाना डोक्यावर घेतला, एकाने तोंड धुवायचं भांडं पालथं केलं, आणि शनिवारी एका शांत दिसणाऱ्या मुलीने चावरीचं उरलेलं काम पुरं केलं. डॉक्टरीणबाई बोटाला पट्टी गुंडाळत बाहेर आल्या. खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “ते पुस्तक कुठे ठेवलंत, मावशी?”

झालं! ससा आणि अस्वल वरच्या फळीवर गेले आणि खालच्या फळीवर भाचीचे वाचून झालेले आठ भाग आले. दवाखान्याची कळाच पालटली. नऊ खुर्च्यांवर नऊ डोकी खाली घातलेली, आणि मधूनच एखाद्याचा श्वास रोखल्याचा आवाज. पलीकडून यंत्र घर्रर्र करायचं, तर एक मुलगी म्हणाली, “इथे वाचायला जास्त मजा येते. घरी असा आवाज नसतो.”

मग भलताच प्रकार सुरू झाला. दुखणं नसलेली पोरं येऊ लागली. एक गोबऱ्या गालाची मुलगी गालावर हात दाबून हजर झाली. बरोबर आजी.

“कितवा दात दुखतोय गं?” मावशीने लेखणी उचलली.

“सहावा भाग,” मुलगी बोलून गेली आणि जीभ चावली. आजी कपाळावर हात मारून घेत हसत सुटली.

सगळंच काही गोड नव्हतं. एक पाच वर्षांचा मुलगा नुसतं मुखपृष्ठ बघून हमसून हमसून रडला, तेव्हा मावशीने सगळ्या भागांना तपकिरी कागदाची वेष्टणं घातली आणि छोट्यांसाठी ससा पुन्हा खाली आणला. एक वडील तक्रार घेऊन आले. त्यांची मुलगी आता न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवायची आणि आतून मोठमोठ्याने गाणी म्हणायची.

“गाते तरी सुरात का?” मावशीने विचारलं. ते गृहस्थ हसले, पण मावशीच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. संध्याकाळी तिने भाचीला समोर बसवलं.

“खरं सांग. भीती वाटते ना वाचताना?”

“खूप!”

“मग वाचता कशाला गं मरायला?”

भाचीने जरा विचार केला. “अगं, भीती वाटली की मी पुस्तक मिटते. थोडं थांबते. मग परत उघडते. गणिताच्या बाईंना असं मिटता येतं का?” मग जवळ सरकून तिने आवाज खाली आणला. “आणि ती तिघं मरत नाहीत गं. सातव्या भागात मधला विहिरीत पडतो ना, तेव्हा मला रडू आलं होतं. पण कपाटात आठवा भाग होता. त्याच्या मागच्या बाजूला तिघांची चित्रं आहेत. म्हणजे निघणारच की तो बाहेर!”

मावशीने ते बोलणं त्या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मुलीसाठी आठवा भाग मागून नेला आणि चार दिवसांनी परत करताना, मधला विहिरीतून नेमका कसा निघाला यावर दारात उभं राहून मावशीशी वाद घातला. मावशीला वाद घालता आला, कारण एव्हाना दुपारच्या बंद वेळेत ती स्वतःच पहिल्या भागापासून वाचायला बसली होती. तिसऱ्या भागात ती इतकी गुंगली की टेबलावरचा फोन वाजताच किंचाळली. खालून शिंपी धावत आला, हातात मोजपट्टी घेऊन.

मावशीची एक गोष्ट मात्र बाहेर फुटली नव्हती. ती फोडली चावरीने. आता ती तपासणी संपली तरी वाचायला म्हणून थांबायची. मावशी चहात टोस्ट बुडवून खात होती, आणि चावरी टक लावून बघत होती.

“तुम्ही डावीकडूनच चावता.”

“सवय आहे.”

“उजवीकडे दुखतं. मीपण अशीच खायचे.” मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “मावशी, तुम्ही घाबरता?”

खोलीतली सगळी डोकी वर झाली. भाचीने पाय खाली सोडले. “मावशी, तू कधीच त्या खुर्चीत बसली नाहीस?”

“रोज पुसते की ती खुर्ची!” मावशी म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. चार वर्षं ती दाढ ठणकत होती. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मावशीला नेमका कुठलातरी नंबर पुकारायचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता सुटका नव्हती. चावरीने तिचा हात धरला आणि दुधी काचेचं दार ढकललं. “बाई, पेशंट आणलाय.”

मावशी खुर्चीत बसली. पाठ मागे कलली आणि वरचा दिवा तोंडावर आला. बावीस वर्षं पुसलेला दिवा, पण खालून तो केवढा दिसतो ते आज समजलं. तिची दातखीळ बसली, अगदी अक्षरशः. डॉक्टरीणबाई “आ करा” म्हणाल्या तर ओठ सुटेनात.

चावरी स्टुलावर चढून बसली. मांडीवर नववा भाग, ‘जिन्याखालची शाळा’. ओळीखाली बोट सरकवत ती मोठ्याने वाचू लागली. मधेच अडखळत होती, पण जिथे हळू बोलायचं तिथे बरोबर हळू बोलत होती. भावंडं जिना उतरली. खाली वर्ग होता. बाकांवर धूळ होती, फळ्यावर आजची तारीख होती.

“थोरलीने कोपऱ्यातल्या कपाटाच्या कडीला हात लावला. कडी बर्फासारखी गार होती. आणि आतून कोणीतरी...” चावरीने पुस्तक मिटलं.

“पुढे?” मावशीच्या तोंडून निघालं.

“आ करा. मग सांगते.”

मावशीने एवढा मोठा आ केला की डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सुई टोचली कधी, गाल बधिर झाला कधी, मावशीला पत्ता लागला नाही. ती त्या कडीपाशी उभी होती. थोड्या वेळाने आणखीच विचित्र झालं: चिमट्याचा हात हवेतच थांबला.

“आतून कोणीतरी काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तुम्ही दाढेकडे बघा,” चावरीने दटावलं. “आतून कोणीतरी हळूच विचारलं, ‘डबा आणलाय का?’”

डॉक्टरीणबाईंच्या अंगावर काटा आला आणि त्याच झटक्यात दाढ हातात. मावशीने कापूस चावत वाडग्यात वाकून पाहिलं. ती एवढीशी वस्तू! हिच्यासाठी चार वर्षं टोस्ट भिजवून खाल्ले. तिला इतकं हसू फुटलं की डॉक्टरीणबाईंना कापूस बदलावा लागला. आठवड्याभराने तिने उजवीकडून गाजर खाल्लं, ते कडाकडा वाजवत, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वर्ष सरता सरता चोविसावा, म्हणजे शेवटचा भाग आला. प्रत एक आणि दावेदार वीस. आधी कोणी वाचायचा यावरून खिडकीजवळ जवळजवळ मारामारी झाली. शेवटी मावशीने हुकूम सोडला: शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाल्यावर ती स्वतः सगळ्यांना वाचून दाखवेल. नऊ खुर्च्यांवर अठरा जण बसले. शिंपी दाराशी उभा राहिला. गोबऱ्या गालाच्या मुलीची आजी उशी घेऊन आली. नंबर पुकारून पुकारून कमावलेला तो आवाज मावशीने असा काही लावला की पावलं जिन्यावरून येताहेत असं वाटून दोन मुलं आजीच्या पदरात शिरली. डॉक्टरीणबाई कागद चाळायचं निमित्त करून आतल्या खोलीत बसल्या होत्या, पण दुधी काचेवर त्यांची सावली कान लावून उभी असलेली सगळ्यांना दिसत होती.

गोष्टीत शेवटी वडिलांची बदली रद्द झाली. एकाच घरात राहायचं ठरलं. पावलं पुसली गेली. मावशीने पुस्तक मिटलं तरी कोणी जागचं हलेना.

“आता?” चावरीने विचारलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. “आता आम्ही कशाला घाबरायचं?”

सोमवारी सुट्टी घेऊन मावशी गावातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या चष्मेवाल्या गृहस्थांना म्हणाली, “भीतीची एखादी नवी माला दाखवा. निदान वीस भागांची हवी. आणि चांगली घाबरवणारी, हं. मिळमिळीत नको.”

ते अदबीने म्हणाले, “वय काय, वाचणाऱ्याचं? त्या हिशेबाने दाखवतो.”

“बावन्न,” मावशी म्हणाली, आणि कोणी शिडीवर चढायची वाट न बघता स्वतःच वरच्या फळीकडे हात उंचावला.