लाल चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर आहे. बायकांच्या वॉर्डात तेव्हा काशीबाई नर्स होत्या. विधवा; सासरचं दार बंद झालेलं. पण कामात असा जीव की गिरणीच्या पहिल्या भोंग्याआधी त्या वॉर्डात हजर. मी खाटांच्या क्रमानं तबकात बाटल्या लावून पाठवायचो. काशीबाई प्रत्येक बाटलीचं बूच काढून हुंगायच्या, मगच औषध पाजायच्या.

मला ते का झोंबावं? माझ्यावर भरवसा नाही, असं वाटे. "बाई, औषध आहे, अत्तर नव्हे," मी म्हणायचो. त्या हसायच्या. "पिणारी नाक दाबून पिते. माझं तर उघडं हाय की."

शेवटी मी डॉक्टरांकडे तक्रार केली — बाई फार वेळ घालवतात. डॉक्टर भर वॉर्डात त्यांना बोलले. त्या दिवसापासून त्यांनी हुंगणं सोडलं. हसणंही. काम करायच्या — सांगितलं तेवढंच.

आणि मग एके सकाळी विषारी औषधांच्या निळ्या बाटल्या संपल्या. जखमा धुण्याचं उग्र वासाचं कार्बोलिक मी साध्या पांढऱ्या बाटलीत भरलं. विषाची लाल चिठ्ठी मागाहून लावू म्हटलं. ती बाटली तबकात पाचव्या खाटेच्या जागी गेली — माझ्याच हातून. त्या खाटेवर नरसम्मा होती, एका विणकराची बायको. तिची किंकाळी मला औषधांच्या खोलीत ऐकू आली.

धावत गेलो. सगळे तिच्याभोवती, बाटली खिडकीत. मी काय केलं? खोलीत परत आलो, चिठ्ठीला डिंक लावला — आणि जाऊन चिकटवली. कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बाटली उचलली. "चिठ्ठी नव्हती, साहेब," काशीबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"होती," मी म्हणालो.

काशीबाईंनी बाटली हातात घेतली. अंगठ्याखाली चिठ्ठी सरकली — डिंक ओला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा पदराला पुसला. मग खाटेकडे वळून म्हणाल्या, "मी हुंगायला पायजे होतं."

दुपारी नरसम्मा गेली. संध्याकाळी काशीबाईंना काढलं. कुठं गेल्या, मी विचारलं नाही.

त्यांच्या जागी आलेली नर्स बाटल्या हुंगत नाही. तबक अजून मीच लावतो.