वसुधाला पाठवलेली फ्लॉपी

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. बरं, हसा! बायकोशी दोन गोड शब्द बोलायला ज्याला कॉम्प्युटर लागला, त्याची आणखी काय शोभा व्हायची राहिली?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कानडी मुलखात, बसवनगुडीत, बेळगावकडच्या अण्णा-अक्कांच्या घरी आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. अण्णांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर लावलेली सीडीची भजनं ऐकायला मी वायर खाली सोडून त्याचे स्पीकर त्यांच्या हॉलमध्येच ठेवले होते. मी आपला हेडफोनवर भागवायचो.

वसुधा बाळंतपणाला नागपूरला निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "दोन वर्षांत एकदा तरी म्हणालास का, तुझ्यावाचून करमत नाही?"

मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतलीस ना?"

अहो, मनात होतं हो! जिभेवर येत नव्हतं. पुढे बाळ झालं, पण तिचे फोन तुटक होऊ लागले. "बाळाला घेऊन मी इतक्यात येणार नाही," म्हणाली, तेव्हा मात्र मनातलं बोलणं भागच होतं. एसटीडी बूथवर मागे ही रांग, तिथे कसलं प्रेम बोलताय? तिच्या भावाकडे कॉम्प्युटर होता. ठरवलं, एकांतात बसायचं, मनातलं रेकॉर्ड करायचं आणि फ्लॉपी कुरियरने पाठवायची.

संध्याकाळी माइक लावला, बोललो, मग हेडफोन चढवून ऐकलं. आवाज कुठाय? हंड्यात डास गुणगुणावा तसा! पडद्यावर माइकचा आवाज वाढवायची पट्टी दिसली, ती पार वर सरकवली. पुन्हा बोललो. डासच! म्हटलं, आपणच पुळचट बोलतोय. ओरडलो, "वसू, तू नाहीस तर घर खायला उठतं गं!" तरी डासच. मग उभा राहून, छाती भरून, "चुकलो मी! लवकर ये!"

दार वाजलं. अक्का. डोळ्यांना पदर.

"अयो, स्वल्प हळू बोल की रे! खाली भजनाच्या बायका रडाया लागल्यात."

"तुम्हाला... ऐकू गेलं?"

"पहिल्यापासनं! अण्णा म्हणतात, पुन्यांदा लाव."

माझे डोळे खाडकन उघडले. मी चढवलेली पट्टी रेकॉर्डिंगची नव्हतीच! माइकचा आवाज स्पीकरमधून बाहेर सोडायची होती, आणि स्पीकर खाली हॉलमध्ये! रेकॉर्डिंगची पट्टी पडद्यावरच्या दुसऱ्याच खिडकीत तळाला बसलेली.

पुन्हा बोलायची छाती होईना. डासाचीच फ्लॉपी पाठवून दिली.

आठवड्याने वसुधाचा फोन आला. "फ्लॉपीत काही ऐकू येत नाही रे. पण अक्कांनी फोन करून सगळं सांगितलं. घर खायला उठतं, चुकलो मी... खूप रडले मी. बाळ सव्वा महिन्याचं झालं की येतेच बघ."

मी घाईने सांगू लागलो, "वसू, अगं, ते सगळं मी..."

"राहू दे रे," ती मायेने म्हणाली. "तू कुठला एवढं बोलणार! अक्कांनीच रचलंय, कळतं मला. त्यांना सांग, त्यांच्या शब्दाखातर येतेय."