दुसऱ्याने लिहिलेली विहीर
मिरचीचा ठसका लागला की मला नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीशेजारी उभारलेला नाटकाचा तंबू आठवतो. आमचे हे शाळामास्तर. मी बालविधवा असताना त्यांनी माझ्याशी लग्न केलं, आणि पुढे त्यावरच नाटक लिहिलं. त्यातली नायिका शेवटी नव्या नवऱ्याबरोबर ताठ मानेने गावाबाहेर पडते. एका फिरत्या कंपनीने नाटकाचे सगळे हक्क विकत घेतले आणि तिला विहिरीत उडी मारायला लावली. जाहिरातीवर नाव मात्र ह्यांचंच. हे वकिलांकडे गेले, तर ते म्हणाले, "नाटक विकलंत, आता शेवट बदलायला ते मोकळे आहेत. नावही तुमचंच लावलंय, मग दावा कशाचा लावू?" "निदान माझं नाव तरी काढायला सांगा," हे म्हणाले. त्यालाही कायद्यात आधार नव्हता. नाटक नंदुरबारला आलं, त्या संध्याकाळी तंबूत ह्यांची सारखी चुळबुळ चालली होती. नायिका विहिरीच्या काठावर चढली तसे हे ताडकन उठून ओरडले, "ती मरत नाही! मी असं लिहिलेलं नाही!" मागून कोणी खेकसलं, "बठा मास्तर! मरू द्या तिले, आम्हले रडू यी ऱ्हायनं!" लोक हसले. बायकांच्या बाजूने उठून मी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं. हसणं थांबलं. पण रंगमंचावर धप्प आवाज झालाच, आणि टाळ्या पडल्या. आता अशी मोडतोड लेखकाला अडवता येते, तसा कायदा झालाय म्हणे. ते कळलं त्या दिवशी मी घरभर नुसती फिरत राहिले. ज्यांना सांगायचं, ते नव्हते.